कासवाच्या पोटातलं प्लास्टिक समुद्राबद्दल नेमकं काय सांगतं?

प्रश्न असा आलाय की रत्नागिरीच्या बाजूला एमएस्सीचा प्रोजेक्ट करायचाय, किनाऱ्याला मेलेली कासवं लागतात त्यांच्या पोटातलं प्लास्टिक मोजून "कोकणच्या समुद्रात इतकं प्रदूषण आहे" असं म्हणता येईल का, आणि कासव हे प्लास्टिक प्रदूषणाचं निर्देशक आहे असं जे सगळीकडे वाचायला मिळतं त्यात शास्त्र किती आणि भावना किती. मी पशुवैद्य आहे, किनाऱ्याला लागलेल्या कासवांवर उपचार आणि मेलेल्यांचं पोस्टमॉर्टम हे काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

आधी थेट सांगतो. हो, कासव निर्देशक म्हणून वापरता येतं आणि जगात काही ठिकाणी ते सरकारी पातळीवर वापरतात पण. फक्त ते ज्या पाण्यात चरलं त्या पाण्याबद्दल सांगतं, ज्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, सापडलं तिच्याबद्दल फार कमी सांगतं. आणि एकट्या कासवावरून काहीच कळत नाही, एकाच पद्धतीने उघडलेली, एकाच मापाने मोजलेली, वर्षानुवर्षांची कासवं लागतात, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच घोडं अडतं.

निर्देशक ही कल्पना आली कुठून ते आधी बघू. उत्तर समुद्रात नॉर्दर्न फुलमार नावाचा पक्षी आहे, तो पाण्याच्या पृष्ठभागावरून मिळेल ते उचलून खातो आणि पोटात साठवून ठेवतो. नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून किनाऱ्याला लागलेले मेलेले फुलमार उघडून पोटातलं प्लास्टिक चाळतायत, वजन करतायत. त्यावरून युरोपातल्या देशांनी एक आकडा ठरवून टाकला, की ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक पोटात असलेले पक्षी १० टक्क्यांपेक्षा कमी असायला हवेत. ही खरी निर्देशकाची भाषा. कुठला प्राणी, काय मोजायचं, किती असलं तर चालेल, हे तिन्ही ठरलेलं. आणि त्याचा उपयोगही झाला, कारखान्यातून निघणारे प्लास्टिकचे कच्चे दाणे पक्ष्यांच्या पोटात १९८० च्या तुलनेत पुढच्या वीसेक वर्षांत निम्म्याच्या आसपास आले हे ह्याच मोजणीतून कळलं. दाणे सांडू नयेत म्हणून जहाजं आणि कारखाने काळजी घ्यायला लागले तर समुद्रात फरक पडतो, हे ह्या पक्ष्यांच्या पोटांमुळे दाखवता आलं.

पण फुलमार हा थंड पाण्यातला पक्षी, भूमध्य समुद्राला तो उपयोगाचा नाही. युरोपियन युनियनचा समुद्राच्या आरोग्यासाठीचा कायदा २००८ चा, त्यात कचरा हा एक स्वतंत्र मुद्दा आहे, मग भूमध्य समुद्रात प्राण्यांनी गिळलेला कचरा मोजायला कोण, तर लॉगरहेड कासव निवडलं गेलं. २०१७ पासून फ्रान्स, स्पेन, इटली, ग्रीस, पोर्तुगाल, तुर्कस्तान आणि ट्युनिशिया ह्या देशांनी इंडिसिट नावाच्या प्रकल्पात सगळ्यांनी एकाच पद्धतीने कासव उघडायचं असं ठरवलं, चाळणी कुठली, गाठी कुठे मारायच्या, कचऱ्याचे गट कुठले इथपर्यंत. तुम्ही प्रोजेक्ट करणार असाल तर नवीन पद्धत शोधत बसू नका, हीच घ्या, म्हणजे तुमचा आकडा उद्या सिसिलीच्या आकड्याशेजारी ठेवता येईल.

आता कासवच का. कासवाच्या अन्ननलिकेत आतून सगळीकडे कडक टोकदार काटे असतात, केवड्याच्या पानाला जसे एका दिशेने वळलेले काटे असतात तसे, सगळे पोटाकडे वळलेले. कासव खाताना समुद्राचं पाणी पण गिळतं, ते पाणी परत बाहेर टाकताना खाल्लेलं बाहेर जाऊ नये म्हणून ही सोय. त्यामुळे आत गेलेली पिशवी बाहेर टाकता येत नाही, ती खालीच जाते. आतडं लांब, पचन संथ, साधं अन्न बाहेर पडायला सुद्धा कितीतरी दिवस लागतात आणि प्लास्टिक आठवडे, कधी महिने आत राहतं. म्हणजे पोटात जे सापडतं ते आजच्या जेवणाचं नसून मागच्या बऱ्याच काळाचं साठलेलं असतं, आणि निर्देशकाला हेच हवं असतं.

शिवाय कासव निवडून खात नाही असंही नाही. पिशवी जेलीफिशसारखी दिसते म्हणून खातं हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि काही प्रमाणात ते खरं आहे, पण २०२० साली अमेरिकेत लॉगरहेडच्या पिल्लांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात समुद्रात राहून शेवाळ-जिवाणू चढलेल्या प्लास्टिकचा वास हवेत सोडला तर कासवांनी अन्नाच्या वासाला दिला तसाच प्रतिसाद दिला, नाक पाण्याबाहेर काढून हुंगत राहिली, आणि स्वच्छ प्लास्टिकला तसा दिला नाही. म्हणजे नवीकोरी पिशवी आणि महिनाभर तरंगलेली पिशवी ह्यांत कासवाच्या दृष्टीने फरक आहे. हिरवी कासवं शेवाळ-गवत खातात, त्यांच्या पोटात तंगूस म्हणजे मासेमारीची नायलॉनची तार आणि दोरीचे धागे जास्त मिळतात कारण ते शेवाळात गुंतलेले असतात आणि घासाबरोबर आत जातात. आपली ऑलिव्ह रिडले खेकडे, कोळंबी, जेलीफिश, शिंपले असं सगळंच खाते, तळाला पण आणि पृष्ठभागावर पण. २०१६ च्या एका जागतिक अभ्यासात समुद्री कासवांपैकी ५२ टक्क्यांपर्यंत कासवांनी कचरा गिळलेला असावा असा अंदाज काढला होता आणि त्यात सगळ्यात जास्त धोका ऑलिव्ह रिडलेला असल्याचं म्हटलं होतं. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती हीच, हे लक्षात ठेवा.

कासव खरंच फरक दाखवतं का ह्याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा ऑस्ट्रेलियातला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या दोन्ही बाजूंची लहान कासवं, म्हणजे समुद्रात जाऊन फार काळ न झालेली, उघडून बघितली. पॅसिफिकच्या बाजूच्या लॉगरहेड पिल्लांपैकी ८६ टक्क्यांच्या पोटात प्लास्टिक, हिंदी महासागराच्या बाजूला तीच जात, साधारण तेच वय, तीच पद्धत, आणि आकडा २१ टक्के. प्लास्टिकचा प्रकारही वेगळा, पॅसिफिकमध्ये कडक तुकडे जास्त, हिंदी महासागरात धागे जास्त. जात तीच, वय तेच, माप तेच आणि तरी चौपट फरक, मग तो फरक पाण्यातलाच आहे. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं काही म्हणता येण्यासाठी जात आणि वय कधीही एकत्र करू नका, एक मोठी रिडले आणि एक हातभर हिरवं कासव ह्यांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही.

लहान कासवांचं वेगळं सांगायला हवं. पिल्लू समुद्रात गेलं की पहिली काही वर्षं ते प्रवाहांबरोबर वाहत राहतं आणि जिथे दोन प्रवाह मिळतात, जिथे फेसाची, शेवाळाची रेघ तयार होते तिथे थांबतं कारण अन्नही तिथेच गोळा होतं. आणि तरंगणारा कचराही नेमका तिथेच गोळा होतो. हजारो वर्षं जी जागा पिल्लाला सुरक्षित होती तीच आता कचऱ्याची झाली, त्याला कळायला काही मार्ग नाही. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या बोका रॅटनला तळहातावर मावेल एवढं एक पिल्लू मेलं, त्याच्या पोटातून १०४ तुकडे निघाले. मी तो फोटो विद्यार्थ्यांना दाखवतो आणि लगेच हेही सांगतो की ही एक घटना आहे, आकडेवारी नाही. २०१५ मध्ये कोस्टा रिकात कासवाच्या नाकातून स्ट्रॉ काढतानाचा व्हिडिओ जगभर फिरला, ते कासव ऑलिव्ह रिडलेच होतं, लोक हादरले, स्ट्रॉवर बंद्या आल्या, चांगलंच झालं, पण त्यावरून समुद्रात स्ट्रॉ किती आहेत हे कळत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, किनाऱ्याबद्दल. २०१४ च्या एका जागतिक आढाव्यात मजेशीर नाही तर विचार करायला लावणारी गोष्ट निघाली, न्यूयॉर्कसारख्या प्रचंड वस्तीच्या शहराजवळ लागलेल्या कासवांच्या पोटात कचरा जवळजवळ नव्हता आणि दक्षिण ब्राझीलच्या फारशी वस्ती नसलेल्या किनाऱ्याजवळच्या कासवांत सगळ्यांच्या पोटात होता. म्हणजे किनारा घाण म्हणून कासवाच्या पोटात घाण, असं सरळ गणित नाही. कासव फिरतं. २०२२ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला आपल्याकडे पहिल्यांदा एका मादीला सॅटेलाईट ट्रान्समीटर लावला, प्रथमा तिचं नाव, मग आणखी काही माद्या, पुढच्या वर्षी गुहागरच्या बागेश्री आणि गुहा, आणि त्यातली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलटंही झालं, २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला टॅग केलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. अशी मादी उद्या गणपतीपुळ्याला मेलेली लागली आणि तिच्या पोटात पाकिटं निघाली तर ती पाकिटं रत्नागिरीची की चेन्नईची की कोलंबोची, सांगा कसं सांगणार. कधीकधी पाकिटावरची लिपी वाचता येते, तेव्हा फोटो जरूर काढा, पण बहुतेक तुकड्यांवर काहीच वाचण्यासारखं उरलेलं नसतं.

मालदीवचं उदाहरण ह्यासाठी मी नेहमी देतो. तिथले मच्छीमार पिढ्यानपिढ्या गळाने ट्यूना पकडतात, मोठी जाळी जवळजवळ वापरतच नाहीत, तरी तिथे तुटलेल्या, सोडून दिलेल्या जाळ्यांमध्ये अडकलेली कासवं सतत सापडतात, आणि सगळ्यात जास्त ऑलिव्ह रिडले, जी तिथे अंडी घालायला क्वचितच येते. कासवही बाहेरचं, जाळंही बाहेरचं. तिथे २०१३ पासून ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट नावाची संस्था ह्याच्याच नोंदी ठेवतेय, आणि त्या नोंदी मालदीवच्या मासेमारीबद्दल काहीच सांगत नाहीत, त्या आजूबाजूच्या समुद्रातल्या, म्हणजे आपल्यासकट शेजारच्या देशांच्या मासेमारीबद्दल सांगतात. म्हणून रिपोर्टमध्ये "कोकण किनाऱ्याचं प्रदूषण" असं शीर्षक देऊ नका, "कोकण किनाऱ्याला लागलेल्या कासवांनी गिळलेला कचरा" असं लिहा, ते खरं आहे.

जाळ्यात अडकणं आणि प्लास्टिक गिळणं हे दोन वेगळे निर्देशक आहेत, एकाच आकड्यात मिसळू नका. आमच्याकडे जिवंत येणाऱ्यांत जाळ्याच्या दोरीने फ्लिपर म्हणजे वल्ह्यासारखा पाय कापत गेलेली, हाडापर्यंत जखम झालेली, कधी पूर्ण फ्लिपर गेलेली कासवं खूप असतात, पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, वारा आणि लाटा किनाऱ्याकडे ढकलतात तेव्हा तर जास्तच. अंगावरचं जाळं कापून फेकून देऊ नका हो, हे मी गावोगावी कासवांची घरटी राखणाऱ्या कासवमित्रांना पण सांगत असतो. जाळ्याच्या डोळ्याचं माप, दोरीची जाडी, रंग, गाठ आहे की बिनगाठीचं, हे सगळं लिहून ठेवा आणि बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा, त्यावरून जाळं कुठल्या मासेमारीचं असावं हे जाणकार मच्छीमार बऱ्यापैकी सांगतात, आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

आता पोटाचं. पहिली गोष्ट, पोटात प्लास्टिक सापडलं म्हणजे प्लास्टिकनेच मेलं असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०१८ च्या अभ्यासात हिशोब मांडलाय की पोटात १४ तुकडे असतील तर मरण्याची शक्यता ५० टक्के आणि एकच तुकडा असला तरी साधारण २२ टक्के, आणि ब्राझीलच्या हिरव्या कासवांत अर्धा ग्रॅम कचराही आतडं बंद करायला पुरतो असं दिसलंय. म्हणजे कधी थोड्यात मरतं आणि कधी ढीगभर असूनही चालून जातं, तुकडा कुठे अडकला ह्यावर आहे सगळं. मी उघडलेल्यांत पोटात थोडं प्लास्टिक आणि मरण मात्र जाळ्यात बुडून किंवा बोटीचा पंखा लागून, असं बरेचदा दिसतं. बातमीत मात्र "प्लास्टिकमुळे कासवाचा मृत्यू" असं येतं. मरणाचं कारण आणि पोटातला कचरा हे डेटाशीटवर दोन वेगळे रकाने ठेवा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि ती फारशी कोणी सांगत नाही. आजारी कासव बुडी मारू शकत नाही. फ्लिपर तुटलेलं, न्यूमोनिया झालेलं किंवा आतड्यात गॅस धरलेलं कासव आठवडे पृष्ठभागावर तरंगतं, तळाचे खेकडे त्याला मिळत नाहीत, मग समोर तरंगणारं जे येईल ते खातं, आणि तरंगतं काय तर थर्माकोल आणि पिशव्या. त्याच्या पोटात निघालेलं प्लास्टिक हे आजाराचं कारण नाही, आजाराचा परिणाम आहे. असं कासव तुमच्या नमुन्यात जास्त आलं तर समुद्र आहे त्याहून घाण दिसेल. उलट ट्रॉलरच्या जाळ्यात अचानक बुडून मेलेलं, अंगावर चरबी असलेलं, पोट अन्नाने भरलेलं कासव म्हणजे नेहमीसारखं चरत असताना मेलेलं, निर्देशकासाठी सगळ्यात चांगला नमुना तो. म्हणून शरीराची अवस्था लिहायचीच, चरबी किती, खांद्याजवळचे स्नायू आत गेलेत का, पोटाकडचं कवच खपाटीला गेलंय का.

पद्धत थोडक्यात सांगतो. आधी कवचाची लांबी, शिंप्याच्या लवचिक टेपने, मानेजवळच्या खाचेपासून मागच्या टोकापर्यंत वक्रावरून. मग पोटाकडचं कवच कापून काढायचं, आणि काहीही बाहेर काढायच्या आधी अन्ननलिका, जठर आणि आतडं ह्यांच्या सीमेवर सुतळीने घट्ट गाठी मारायच्या, नाहीतर उचलताना सगळं एकमेकांत जातं. हे तीन भाग कायम वेगळे तपासायचे, कारण अन्ननलिकेतलं ताजं आणि आतड्यातलं जुनं. प्रत्येक भाग उघडून १ मिलिमीटरच्या चाळणीवर नळाखाली धुवायचा. मग जे उरतं ते वेगळं करायचं, कच्चे दाणे, पातळ पापुद्रे म्हणजे पिशव्या-पाकिटं, धागे म्हणजे दोरी-तंगूस-जाळं, फोम म्हणजे थर्माकोल वगैरे, कडक तुकडे, आणि बाकी. सावलीत निदान एक दिवस पूर्ण वाळवायचं आणि मगच वजन, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. नगही मोजा पण भर वजनावर द्या, एक पिशवी आत फाटून वीस तुकडे होतात. आणि अन्नाचंही वजन करा, कारण पोटात अन्नापेक्षा प्लास्टिकचं वजन जास्त असलेली कासवं किती, हा इटलीतल्या शास्त्रज्ञांनी सुचवलेला निकष मला फार उपयोगी वाटतो, त्यातून मोठ्या-लहान कासवाचा फरक बराचसा आपोआप निघून जातो.

उशीर झालेलं, फुगून फुटलेलं कासव गिळलेल्या कचऱ्यासाठी घेऊ नका, आतड्यातलं सांडलेलं असतं आणि कुत्र्यांनी ओढलेलं असतं. त्याची नोंद मात्र करा.

मायक्रोप्लास्टिकच्या मागे ह्या प्रोजेक्टमध्ये लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. २०१८ च्या एका अभ्यासात अटलांटिक, पॅसिफिक आणि भूमध्य मिळून १०२ कासवं, सातही जाती, तपासली आणि झाडून सगळ्यांच्या आतड्यात सूक्ष्म कृत्रिम कण सापडले, बहुतेक धागे. जिथे शंभर टक्के प्राण्यांत सापडतं तिथे "आहे की नाही" हा प्रश्न संपला, "किती" हाच उरतो, आणि ते मोजायला कपड्यांचे धागे हवेतून पडू नयेत अशी लॅब, रिकामे तपास-नमुने, कण कुठल्या प्लास्टिकचा ते ओळखणारं मशीन लागतं. डोळ्याला दिसणारं नीट मोजा, तेवढं खूप आहे.

आणि शून्य लिहा. हे मी हात जोडून सांगतो. ज्या कासवाच्या पोटात काहीच निघालं नाही ते कासव सुद्धा माहिती आहे. जगभरच्या जुन्या नोंदींत हीच मोठी खोट आहे, प्लास्टिक निघालं की फोटो, बातमी, पेपर, आणि नाही निघालं की खड्डा करून पुरलं, कुठेच उल्लेख नाही. लेदरबॅक कासवांच्या १८८५ ते २००७ मधल्या ४०८ पोस्टमॉर्टमच्या नोंदी एकत्र करून काढलेला ३४ टक्के हा आकडा म्हणूनच मोलाचा आहे, तिथे प्लास्टिक नसलेल्यांच्या नोंदीही जुळवल्या होत्या, आणि त्यामुळेच १९६८ च्या आधी एकाही पोटात प्लास्टिकची नोंद नाही हेही दिसलं.

जिवंत कासवांचं शेण हा तुमच्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग आहे असं मला वाटतं. डहाणूला कासवांचं उपचार केंद्र आहे, किनाऱ्यावर इतरही ठिकाणी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची व्यवस्था आहे, तिथे आलेल्या प्रत्येक कासवाची टाकी वेगळी ठेवून पाणी सोडायच्या पाईपला बारीक जाळी लावली की जे बाहेर पडतं ते पकडता येतं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर असंच करतात, लाँगलाईनच्या, म्हणजे खूप गळ लावलेल्या लांबलचक दोरीच्या, गळाला लागलेल्या ७४ लॉगरहेडपैकी साधारण निम्म्यांत कचरा सापडला होता, त्यातला बराच शेणातून मिळालेला. एक्स-रेवर अवलंबून राहू नका, गळ दिसतो, वाळू दिसते, गॅस दिसतो, पण पिशवी दिसत नाही, प्लास्टिक एक्स-रेला आरपार असतं. किती दिवस गोळा करायचं ते आधी ठरवा आणि सगळ्यांना तेवढेच दिवस द्या. अँटिबायोटिकचं रिकामं पाकीट किंवा पट्टीचा धागा टाकीत पडू देऊ नका, तो पण शेणात निघाल्यासारखा दिसतो.

हे सगळं आपल्याकडे का करायला हवं ते सांगतो, कारण मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदी आली, देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. त्याच्या आधीची पाच-सात वर्षं आपण लागलेली कासवं ठरलेल्या पद्धतीने उघडून पापुद्र्यांचं वजन वेगळं लिहून ठेवलं असतं तर आज बंदीचा समुद्रात काही उपयोग झाला का हे पुराव्याने बोलता आलं असतं. बंदीने कमी व्हायला हवेत ते पापुद्रे, दोरी आणि तंगूस त्याने कमी होणार नाही, म्हणून तर गट वेगळे ठेवायचे. तसंच दाण्यांचं. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं, टनावारी कच्चे दाणे समुद्रात गेले आणि त्यानंतर श्रीलंकेच्या किनाऱ्याला मेलेली कासवं लागत राहिली. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या दाण्यांचा थर आला. पश्चिम किनाऱ्याच्या कासवांच्या पोटात आधी दाणे किती असायचे हा आकडा हातात असता तर अशा अपघातानंतर नुकसान मोजायला तो लागला असता. बहुतेक मेलेलं कासव मात्र पंचनामा होऊन पुळणीत पुरलं जातं, आणि त्याच्याबरोबर त्याच्या पोटातली माहितीही.

वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना घेऊन घरटी वाचवायचं काम सुरू केलं, आज कोकणात गावोगावी कासवमित्र आहेत, जाळ्यात आलेलं कासव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ च्या डिसेंबरपासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. म्हणजे माणसं आहेत, नोंदीची सवय आहे, घरटं कधी सापडलं, अंडी किती, पिल्लं किती हे सगळं वहीत असतं. त्याच वहीत मेलेल्या कासवाचं पान वाढवायचंय.

कायद्याचं विसरू नका. आपल्या समुद्रात पाच जाती आहेत आणि पाचही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेलं असलं तरी हात लावायला, उघडायला, नमुना घरी न्यायला, सगळ्याला परवानगी लागते. मेलेलं किंवा जखमी कासव दिसलं तर आधी वनविभागाला १९२६ वर फोन, जिवंत असेल तर परत पाण्यात ढकलू नका, सावलीत ओल्या कपड्याखाली ठेवा, नाक झाकू नका. पोस्टमॉर्टम पशुवैद्याकडूनच होतं, तुम्ही बाजूला उभं राहून चाळणी आणि डेटाशीट सांभाळायची.

प्रोजेक्टचा आराखडा मी असा करेन. एक उपचार केंद्र धरून शेणाचे नमुने, त्याच पट्ट्यात लागलेल्या ताज्या मृत कासवांचं पोट, आणि जोडीला त्याच पट्ट्यातल्या एका ठरलेल्या पुळणीवर दर महिन्याला कचऱ्याची मोजणी, हेच पाच-सहा गट वापरून. किनाऱ्यावर पाकिटं जास्त आणि पोटात धागे जास्त असं निघालं तर तो फरकच तुमचा निष्कर्ष, की पुळण साफ करून कासवाच्या पोटातला कितीसा प्रश्न सुटतो. मे-जूनमध्ये समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे गोळे पण येतात किनाऱ्याला, पोटातही मिळू शकतात, त्या गोळ्यांना "बाकी" मध्ये न टाकता वेगळा रकाना द्या. परवानगीचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या कारण कासवं लागायला लागतात जूनपासून आणि कागद हलायला वेळ जातो, आणि अर्जासोबत डेटाशीटचा कोरा नमुना जोडा, म्हणजे तुम्हाला प्राणी नको, फक्त पोटातलं हवंय आणि ते मोजून झाल्यावर परत विभागाकडेच जमा होणार आहे, हे वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर कळेल.